निळ्या शाईचा हंगाम

सांगा पाहू, चैत्रातल्या बीड जिल्ह्यात सगळ्यात हिरवं काय असतं?

कडुलिंब म्हणाल. ते उत्तर शाळेतल्या निबंधात चालून जाईल. पण यंदा कडुलिंबाची पालवीसुद्धा धूळ खाऊन राखाडी झाली आहे. खात्री करायची असेल तर बीडहून शिरूर कासारच्या गाडीत खिडकीपाशी बसा. सिंदफणेच्या पात्रात नुसते खड्डे. बांध उघडे, विहिरी उघड्या, शेळ्या बाभळीच्या वाळक्या शेंगा शोधत फिरताहेत. आणि मग वळणावर अचानक वीस फूट रुंदीचं हिरवंगार कुरण येतं. मधोमध निळं तळं, तळ्यात दोन हंस, काठावर चौघांचं गोरं कुटुंब. खाली लोखंडी खांब. आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात हिरवी जागा जमिनीपासून दहा फूट वर असते आणि ती छापलेली असते.

परवा तो फलक पाहिला. ते हंस माझ्या ओळखीचे आहेत. तीन वर्षांपूर्वी मीच त्यांना त्या तळ्यात सोडलं होतं.

पाडव्याच्या आगेमागे साखर कारखान्यांचं गाळप संपतं. ऊसतोडीवाल्यांच्या भाषेत पट्टा पडतो. मग पश्चिमेकडून ट्रॅक्टर यायला लागतात. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, तवे, कोंबड्यांची डालगी, वर बांधलेली बाज, बाजेवर बसलेली म्हातारी. सहा महिन्यांच्या पाचटाचा वास गाडी गेल्यावरही रस्त्यावर रेंगाळतो. हा परतीचा हंगाम. आणि नेमका हाच आमचा, म्हणजे फलक आणि माहितीपत्रकं बनवणाऱ्यांचाही हंगाम. पाडवा ते अक्षय तृतीया. माणसं ज्या रस्त्यानं दमून घरी येतात, त्याच रस्त्यावर आम्ही त्यांना दुसरं घर दाखवतो. असं घर, जिथे कुणी दमलेलंच नाही.

मी सांगतेय तो हंगाम शेजारच्या जिल्ह्याला रेल्वेनं पाणी आणलं त्या वर्षीचा. मी तेव्हा नुकतीच परळीहून बीडला कामाला आले होते. बसस्टँडमागच्या गल्लीत रशीदचाचांचं फ्लेक्स छपाईचं दुकान. आत मशीन दिवसभर खर्र खर्र करत कापडावरून फिरायचं आणि शाईचा असा उग्र वास सुटायचा की दुपारचा डबा उघडला तरी भाकरीला तोच वास. त्या वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मशीनला चार रंगांच्या शाया लागतात. एरवी वाढदिवसांच्या फलकांमुळे लाल आणि पिवळी आधी संपायची. त्या वर्षी निळी संपायची.

"बेटा, नीला फिर खतम," चाचा म्हणायचे. "पाणी नाय गावात, अन् समदा पाणी आपल्याच मशीनमधून चाललाय."

नळाला तेव्हा पंधरवड्यातून एकदा पाणी यायचं. आणि आम्ही दिवसाला चार तळी छापत होतो.

एक दिवस भाऊसाहेब आले. एका गृहनिर्माण सहकारी संस्थेचे ते अध्यक्ष. संस्था ऊसतोड कामगारांची, सभासद शिरूरच्या आसपासच्या वस्त्यांवरचे. शिरूरबाहेर माळावर जमीन बघून ठेवली होती. सभासदांच्या सभेत ठराव व्हायचा होता; तो मंजूर झाला की ती घ्यायची आणि त्यावर घरं बांधायची. ठरावासाठी माहितीपत्रक हवं होतं, फलक हवे होते, चिन्ह हवं होतं आणि सगळ्यात आधी नाव हवं होतं.

"नाव पाण्याचं पायजे," ते म्हणाले.

"जलधारा?" चाचा म्हणाले.

"लई जुनं. फरसाणाच्या दुकानावानी वाटतंय."

मी मान वर न करता म्हटलं, "माळावर आहे तर माळाचंच काहीतरी ठेवा."

"म्याडम," भाऊसाहेब हसले, "माळावर तर ते जलमल्यापासून राहत्यात. त्यांनला माळ दाखवून माळ विकू का मी? नीलसरोवर. हे लिहा."

"सरोवर कुठंय तिथं?"

"तुमी काढा की. त्याच्यासाठीच तर आलोय."

मी काढलं. चिन्ह म्हणून पाण्याचा थेंब, थेंबात घर, घराखाली दोन लाटा. अक्षरं गोलसर, कारण टोकदार अक्षरांनी माणूस बिचकतो. हिरवा असा निवडला की उन्हातून आलेल्याच्या डोळ्याला गारवा वाटावा. हे सगळं मी शिकले होते आणि मला ते छान जमत होतं. खोटं कशाला बोलू? चिन्ह जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून लांबून पाहिलं आणि खूश झाले.

आमच्या घरात छापील कागदाला मोठा मान. माझे वडील, आप्पा, परळीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते आणि उरलेला वेळ पत्रकं लिहायचे. कायम करा म्हणून पत्रक, राखेनं छाती भरते म्हणून पत्रक, जयंतीचं पत्रक, वस्तीच्या नळाचं पत्रक. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी आई आणि मी ती दुमडायचो. मी वाचायला शिकले ते 'बंधू-भगिनींनो'पासून. त्यामुळे नीलसरोवरचं कच्चं माहितीपत्रक पहिल्यांदा परळीला घरी नेलं, तेव्हा आप्पांनी ते वाचलंच नाही. आधी उलटं करून तळाला बघितलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: चित्रे केवळ प्रातिनिधिक.

"छापलं कुणी, लिहिलं कुणी, कायीच न्हाई," ते म्हणाले. "मंग हे बोललं कोण?"

मी म्हटलं, "आप्पा, हे पत्रक नाही, जाहिरात आहे."

त्यांनी ते टीव्हीवर ठेवलं आणि चहा पिऊ लागले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

पण माहितीपत्रकात एक जागा अजून रिकामी होती. पहिल्याच पानावर. भाऊसाहेबांना तिथे चित्र नको होतं, फोटो हवा होता. खरा. त्या जमिनीवर बोअर घेतलं आणि पाणी लागलं, असा. "हंस-बिंस ठीक हाय," ते म्हणाले, "पण आपला माणूस बोअर बघितल्याबिगर हात वर करत न्हाई." आमचा माणूस त्यांना बरोबर ठाऊक होता. दुष्काळात आमच्याकडे सोयरीक बघायला गेलेली माणसंही आधी बोअर बघतात. दोन इंच पाणी म्हटलं की मुलाचं शिक्षण कमी असलं तरी चालतं.

चाचांनी मला कॅमेरा देऊन पाठवलं.

माळ म्हणजे नुसता मुरूम. सावलीला एक झाड नाही. तामिळनाडूची बोअरची गाडी उभी, तिचा कॉम्प्रेसर असा गर्जत होता की दात हलायचे. आदल्या दिवशी दोन भोकं पाडली होती, दोन्ही कोरडी. आता तिसरं चाललं होतं. भोकातून पांढरा भुगा उडत होता, ढगासारखा, आणि वाऱ्यानं आमच्याच तोंडावर येत होता. भुगा ओला झाला की समजायचं पाणी आलं. सगळे त्या भुग्याकडे बघत होते. मीही. दुपारपर्यंत तो पिठासारखाच राहिला.

"काय बे, लागंना का?" भाऊसाहेबांनी आपल्या माणसाला विचारलं.

"न्हाई लागत, भाऊसाहेब. खडक हाय खाली."

भाऊसाहेबांनी फोन काढला, बाजूला जाऊन बोलले. तासाभरानं पाण्याचा टँकर आला. मला वाटलं प्यायला असेल. टँकरवाल्यानं जाड पाइप सोडला, त्याचं तोंड सरळ त्या भोकात घातलं आणि कॉक उघडला. जिल्ह्यात माणसं घागरीसाठी रात्र जागवत होती आणि इथे एक अख्खा टँकर जमिनीच्या भोकात ओतला जात होता. मग पाइप काढला, बोअरवाल्यानं कॉम्प्रेसर पुन्हा लावला.

पाणी उडालं. आधी चिखल, मग करडं, मग तीस फूट उंच कारंजं. भाऊसाहेबांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, भिजत हात जोडून उभे राहिले. त्यांची माणसं टाळ्या वाजवू लागली, खोट्या पाण्याला खऱ्या टाळ्या. थेंब माझ्याही तोंडावर आले. चैत्रातली टळटळीत दुपार होती. सगळं डोळ्यांदेखत घडलेलं असूनही, ते गार पाणी अंगावर आलं तेव्हा मला बरं वाटलं. बाकी सगळ्याचा मी राग राग करू शकते. त्या बरं वाटण्याचं काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी फोटो काढले. त्यातला एक उत्तम आला. कारंजं, जोडलेले हात, उन्हात चमकणारे थेंब. फक्त उजव्या कडेला टँकरची शेपटी आली होती आणि त्याचा गुंडाळलेला ओला पाइप.

दुकानात चाचांनी पडद्याकडे पाहिलं. "बेटा, तो टँकर काढ. नजर तिकडंच जातीय."

ते चित्राविषयी बोलत होते. आमच्या धंद्यात सगळं चित्राविषयीच असतं. समतोल बिघडतो, कडेला गर्दी होते, नजर भरकटते. इतके स्वच्छ शब्द आहेत आमच्याकडे की त्यांनी काहीही पुसता येतं. मी फोटोची उजवी कड पडद्यावर चार बोटं आत ओढली. टँकर गेला. मग करड्या पाण्यात निळा मिसळला. थोडा. मग अजून थोडा. काम किती वेळाचं होतं? चहा गार व्हायच्या आत झालं.

सभा शिरूरला, एका शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. माहितीपत्रकांचे गठ्ठे घेऊन मला जावं लागलं. सभासद दोन-चार दिवसांपूर्वीच तोडीवरून परतले होते. कुणाच्या हाताला चिंध्या बांधलेल्या, कुणाचे डोळे बसल्या जागी मिटत होते. सभा मुद्दामच अशी लगेच बोलावली होती की काय, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. दमलेला माणूस कमी प्रश्न विचारतो, हे भाऊसाहेबांना माझ्याआधी कळलेलं होतं.

पारूमावशी मला तिथे पहिल्यांदा भेटल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या, चाळिशीच्या, काटक. शेजारी त्यांची मुलगी मनीषा, आठवीतली, आईला माहितीपत्रक वाचून दाखवत होती.

"ही गोरी बाई कोण गं?" मावशींनी चित्रातल्या कुटुंबावर बोट ठेवलं. "संस्थेच्या सचिवाची सून का?"

आसपास हशा पिकला. मागून एक जण ओरडला, "पारूबाई, ते तुमचे शेजारी हायत! चहाला बोलवा!"

"अन् ही बदकं?"

"हंस आहेत, आई," मनीषा म्हणाली.

"आसूंद्या. आमच्या कोंबड्यांशी पटलं म्हंजे झालं."

मग त्यांनी पहिलं पान उघडलं. कारंज्यावरून हात फिरवला, कागदाला ओल लागते का बघावं तसा. आणि मला हाक मारली. कारण मी कागद वाटत होते, आणि कागद वाटणाऱ्याला माहीत असतं असं माणसं धरून चालतात.

"ताई, हितं बस जरा. ह्यो फोटो खरा हाय का?"

त्यांनी मला का विचारलं, तेही त्यांनीच सांगितलं. त्यांची वस्ती शिरूरपासून लांब, पाणी त्याहून लांब. दरसाल दिवाळीनंतर नवरा-बायको तोडीला जायची, तेव्हा सासू आणि मनीषा मागे राहायच्या. सासू तोवर पाणी आणायची, पोरगी शाळेत जायची. आता म्हातारीचे गुडघे गेले होते. "शाळेजवळ घर आन् दारात नळ," मावशी म्हणाल्या, "येवढं झालं तर दोघी हितं ऱ्हातील. पोरगी धाव्वीपत्तूर शिकंल. न्हाई झालं तर तिला बी संगं न्यावं लागंल. मंग संपलं. उसाच्या फडात गेलेली पोर शाळंत परत येत न्हाई, ताई. म्हणून इचारते. फोटो खरा हाय का?"

मनीषा माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "फोटो खराच आहे, मावशी. मीच काढलाय."

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. पत्रकांच्या घरात वाढल्यामुळे शब्द जपून कसे वापरावे ते मला येतं.

ठराव वाचला गेला. हात वर झाले. ते हात मी कधी विसरणार नाही: उसाच्या पात्यांनी चिरलेले, काळे पडलेले, काहींची बोटं पुरी सरळ होत नव्हती. पारूमावशींनी उजवा हात वर केला, डाव्या हातात माहितीपत्रक छातीशी धरलं. सर्वानुमते मंजूर. टाळ्या झाल्या.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा मला कंटाळा नाही, संताप येतो. जमीन घेतली. ती भाऊसाहेबांच्या मेहुण्याची होती हे नंतर कळलं. दिवाळीपर्यंत काही घरं पत्र्यापर्यंत आली. बोअरला मोटर बसवली, ती हवा ओढत राहिली. नळ होते, सुंदर चकचकीत. दिवाळी झाली, ट्रॅक्टर आले आणि मनीषा ट्रॉलीत चढली. नववीचं पुस्तक अर्ध्यातच राहिलं.

पुढच्या वर्षी परतीच्या हंगामात दुकानाच्या दारात पारूमावशी उभ्या. हातात कागदांची पिशवी. सभासद तक्रार करणार होते, त्यासाठी झेरॉक्स काढायच्या होत्या.

"वळखलं का ताई? तुझ्याच घरात राहून आले मी सहा महिने."

मला कळेना.

"आगं, फडात ऱ्हायच्या कोपीवर टाकायला कापड नव्हतं. मुकादमानं रस्त्यावरचा जुना फलक काढून दिला. त्योच, तुझा. सरोवर डोक्यावर, हंस डोक्यावर, ती गोरी बाई बी डोक्यावर. खाली आमी तिघं. थंडीत लई उपेगी पडलं बघ, वारं न्हाई येत त्यातनं." त्या हसल्या. "मनी म्हणायची, आई, घर मिळालं की गं आपल्याला."

चाचा हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीनकडे वळले.

तेव्हा मी बोलले. टँकर, पाइप, भोक, चार बोटं, निळा रंग. सगळं. झेरॉक्स मशीनचा उजेड पुढे-मागे सरकत होता आणि मी बोलत होते. शेवटी मावशी म्हणाल्या:

"मंग त्या दिशी कावून न्हाई बोललीस? मी जवळ बसवून इचारलं व्हतं तुला."

"नोकरी होती, मावशी."

"आन् आमी काय तुझ्या तळ्यात बोटीत बसाया आलतो?"

मला ओरडून शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी तेही सुख दिलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "त्यो टँकरवाला फोटो हाय का अजून?"

होता. मूळ फोटो मी पुसलेला नव्हता.

"मंग काढ. मोठा काढ."

चाचा आधी नाही म्हणाले. "बेटा, आपण कागद छापतो. खराखोटा आपल्या गिऱ्हाइकाचा." पण मावशी हटल्या नाहीत, स्टुलावर बसून राहिल्या. संध्याकाळी चाचांनीच मशीन सुरू केलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

मला वाटलं आता झालं. लहानपणापासून मी हेच ऐकत आले: खरं छापा, लोकांपुढे ठेवा, बाकीचं लोक बघून घेतील. माझा भरवसा होता त्यावर.

सभासदांच्या तक्रारीची सुनावणी घेणाऱ्या सहकार खात्यातल्या साहेबांच्या टेबलावर दोन फोटो ठेवले गेले. एक माहितीपत्रकातला, जो सभेनं सर्वानुमते मंजूर केलेल्या ठरावाला जोडलेला होता. दुसरा माझा, टँकरसकट. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्या बाई फोटोत हंस घालतात. यांना एक टँकर घालायला किती वेळ लागतो?"

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही फोटोत नसलेली वस्तू घालू शकता?"

"हो."

"असलेली काढू शकता?"

"हो. तेच सांगतेय, मी ती काढली होती."

"म्हणजे एका फोटोत तुम्ही फेरफार केलाय, हे तुम्हीच सांगता. मग दुसऱ्यात केला नाही, हे मी कशावरून धरू?"

माणूस वाईट नव्हता. प्रश्न योग्य होता. मूळ फाइल दिली, तिच्यावरही शंका निघाली. बोअरची गाडी तामिळनाडूला गेलेली, टँकरवाला भाऊसाहेबांचा. पुढची तारीख मिळाली. मग पुढची. तारखा तोडीच्या हंगामात पडायच्या, सभासद फडात असायचे, साक्षीला कोण येणार? एकदा मी एकटीच गेले आणि बाकावर बसून परत आले.

माझ्या हातानं केलेलं खोटं दप्तरी मंजूर आहे आणि माझ्या हातानं काढलेलं खरं संशयित आहे. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पोरी, कागदानं कागद न्हाई खोडता येत आता. लई कागद झालेत." आयुष्यभर पत्रकं काढलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकणं मला फार जड गेलं. मी भांडले त्यांच्याशी. अजूनही मला ते पटलेलं नाही, नाहीतर हा लेख कशाला लिहिला असता? पण त्यांचं म्हणणं मनातून जातही नाही.

यंदा पुन्हा दुष्काळ आहे. पुन्हा नळ पंधरवड्यावर गेला. शिरूरच्या रस्त्यावर नीलसरोवरच्या दुसऱ्या टप्प्याचा फलक लागला आहे, पहिल्या टप्प्यात अजून पाणी नसताना. काम आमच्या दुकानात आलं नाही, दुसरीकडे केलं. पण चित्रं माझीच. कारंजंही माझंच, फक्त दुसऱ्या कुणीतरी ते आणखी निळं केलं आहे. कोण असेल? माझ्यासारखीच एखादी, नुकतीच कामाला लागलेली, खुर्चीतून उठून लांबून बघणारी.

मागच्या आठवड्यात मी पारूमावशींच्या वस्तीवर गेले होते. मनीषा आता सोळा वर्षांची. मोळ्या बांधून तिचे तळहात आईसारखे झालेत. तिला बाहेरून दहावीला बसायचंय. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, हे तिनं स्वतःच कुठून तरी शोधून काढलंय. त्यासाठी हिवाळाभर शिरूरला राहून अभ्यास करायला हवा.

"नीलसरोवरच्या घरात यंदा पाणी आलं तर ठेवते म्हातारीजवळ," मावशी म्हणाल्या. "न्हाईतर एक ठिकाणचे पाव्हणे येऊन बघून गेलेत. पोराचा बाप म्हणतो, तोडीला नवरा-बायकोची नवीन जोडी व्हईल."

"आई, तू हो म्हणू नको बरं," मनीषा आतून ओरडली.

"मी कुठं म्हणतेय? बोअर म्हणतंय."

वैशाखात संस्थेची विशेष सभा आहे. दुसऱ्या टप्प्याची जमीन मंजूर करायला. सभा बीडला, थंडगार मंगल कार्यालयात, जेवणासह. मावशींनी आणि इतर सभासदांनी लेखी मागणी केली आहे की सभा नीलसरोवरच्या माळावर घ्या, पहिल्या टप्प्याच्या बोअरपाशी. माझ्या फोटोवर आता कुणाचा विश्वास नाही, आणि त्यात माझीच करणी आहे. भाऊसाहेबांच्या फोटोवरही ठेवू नका. दोन्ही बाजूला सारा. मोटर कुणाच्या बाजूची नसते. अजून अध्यक्षांचं उत्तर आलेलं नाही. ते नाही म्हणतील. मग सभासद पुन्हा मागतील.

तुमची गोष्ट वेगळी असेल. तुम्ही शिक्षकांच्या संस्थेत असाल, कारखान्याच्या कामगारांच्या असाल, अंबाजोगाईला दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या असाल. तुमच्याही हातात या हंगामात असा एखादा गुळगुळीत कागद येईल. तो छान असेल. आम्ही तो छान करण्यात हुशार असतो. तेव्हा माझी तुम्हाला एक विनंती आहे आणि ती तुम्ही फक्त वाचून सोडू नका. ठरावाची सभा जागेवर घ्या, असं आजच अध्यक्षांना लेखी द्या. सही करा, शेजाऱ्याची सही घ्या, पोच घ्या. वैशाखात घ्या, दुपारी घ्या. तिथे गेल्यावर हात वर करण्याआधी मोटर सुरू करायला लावा आणि बादल्या भरत उभे राहा. ओतलेलं पाणीसुद्धा पहिली पाच-दहा मिनिटं जोरात येतं. तेव्हा टाळ्या वाजवू नका. तासभर थांबा.